थोरली जाऊ दरीत गेली तेव्हा

अकरा वर्षं मी एकाच घरात कारस्थानं केली. धाकट्या जावेच्या खिरीत तीनदा विष कालवलं, दोनदा तिला जिन्यावरून ढकललं, एकदा तिचं मूल बदललं आणि पुढे लेखकच विसरला म्हणून तेच मूल परत एकदा बदललं. हे सगळं भरजरी साडी नेसून, नाकात नथ घालून, सकाळी नऊ ते रात्री नऊ. बाईमाणसाला झोपताना तरी नथ काढू द्यावी की नाही? छे! मालिकेतली थोरली जाऊ दागिन्यांसकट झोपते, आणि झोपेतसुद्धा तिची एक भुवई वर असते.

लोक याला अभिनय म्हणतात. अहो, कसला डोंबलाचा अभिनय! समोरच्याने एक वाक्य टाकायचं, कॅमेरा तीनदा माझ्यावर यायचा, मी तीनदा भुवई उचलायची, मागे धाडधाड ढोल. मी चौतिसाची असताना मालिकेने वीस वर्षांची उडी मारली आणि मला एका रात्रीत सासू केलं. मुलगा म्हणून जो आला तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पहिल्याच दिवशी माझ्या पाया पडायला वाकला आणि कमरेत उसण भरून तिथेच बसला.

मी मूळची मोखाड्याची. वडील पंचायत समितीत कारकून होते, आई घरी ब्लाउज शिवायची. अजून शिवते. हाफिसातल्या बाया, शाळेतल्या बाई, पोशेऱ्याहून आठवडी बाजाराला येणाऱ्या बायका, सगळ्यांची मापं तिला तोंडपाठ. वडील गेल्यापासून ती एकटी राहते. मुंबईला चल म्हटलं की म्हणते, "तुझ्या त्या खुराड्यात माझं मशीन कुठे मांडू?"

रोज साडेसातला मशीन बंद, टीव्ही चालू. सकाळी मला फोन. "काल पदर फार खाली आला होता गं." "काल घसा बसल्यासारखा वाटला, काढा घे." आता मालिकेचे भाग पंधरा दिवस आधी करून ठेवलेले असतात. आई विचारायची तोवर तो घसा बरा होऊन दुसऱ्यांदा बसलेला असायचा. हे तिला सांगायची तसदी मी कधी घेतली नाही. घेतला काढा, म्हणायचे, की विषय संपला.

सुरुवातीला दर महिन्याला घरी जायचे. मग फक्त दिवाळीला. मग दिवाळीचे विशेष भाग सुरू झाले, तेव्हा तेही बंद. आईने कधी कुरकुर केली नाही. "अगं, रोज दिसतेस की," म्हणायची. मला काय, सोन्याहून पिवळं! लेकीने आईला तोंड दाखवायचं काम चॅनेलने परस्पर अंगावर घेतलं होतं. इतका निर्लज्ज विचार मी अकरा वर्षं बिनघोर केला, हे इथे कबूल करते.

मग माझं मरण आलं. आमच्यात क्रिएटिव्ह नावाची एक पोरगी असते. कथा कुठे न्यायची ते ती बघते. ती गोड हसली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

"मॅम, तुमची गाडी दरीत जातेय."

"प्रेत सापडतं का?"

"सापडतं, मॅम."

झालं. आमच्या धंद्यात प्रेत सापडलं नाही तर दोन वर्षांनी नवा चेहरा लावून परत येता येतं. सापडलं की खेळ खलास.

वर तिने एक हसरा फोटो मागितला, हार घालायला. अकरा वर्षांत मालिकेत मी एकदाही धड हसले नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे फोटो असणार कुठून? मोबाइल धुंडाळला तर एकच बरा सापडला. जव्हारजवळच्या शिरपामाळला पूर्वी कधीतरी काढलेला, मी आणि आई. वाऱ्याने दोघींचे केस उडालेत आणि मी बत्तीशी काढून हसतेय. "शेजारी आई आहे, तेवढी कापा," असं लिहून पाठवून दिला.

आता हे आईला सांगायचं कसं? एरवी दारात चप्पल उलटी पडली तरी ही बाई धावत जाऊन सरळ करते. तिच्या डोळ्यांदेखत लेकीच्या फोटोला हार? फोनवर सांगायची गोष्ट नव्हे, असं मी ठरवलं. खरं तर धीर होत नव्हता. तो भाग शनिवारी लागणार होता. शुक्रवारीच घरी जायचं, तिला नीट समजवायचं, शनिवारी शेजारी बसून, चिवडा खात खात माझं मरण दोघींनी बघायचं, असा बेत केला.

चॅनेलने तो भाग गुरुवारीच लावला. मला कोण कळवणार? मेलेल्या माणसाला कोणी कळवत नाही. मी त्या वेळी दुसऱ्या एका मालिकेसाठी आजीच्या वेशात उभी होते, सुती लुगड्यात कशी दिसते ते बघायला चौघं खुर्च्या टाकून बसले होते. बाहेर आले तर मोबाइलवर श्रद्धांजल्यांचा पाऊस. आईला फोन लावला.

"हं," ती म्हणाली. "बघितलं. ये सावकाश." आणि ठेवून दिला. पदराबद्दल एक अक्षर नाही.

पहाटेच निघाले. जव्हारहून मोखाड्याच्या जीपमध्ये कोंबून बसले तर समोरची बाई टक लावून बघतेय.

"काल खपलीस ना गं तू?"

"हो."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि सरकून मला जागा दिली. "बस आता नीट."

घरासमोर पोचले तर उंबऱ्यापाशी चपलांचा ढीग. आत पाच-सहा बायका भिंतीला टेकून बसलेल्या, मधे आई, आणि तिच्यापुढे परातीत तांदूळ आणि नागली. मी ओळखलं. आमच्याकडच्या पाड्यांवरच्या बायका दुखवट्याला रिकाम्या हाताने जात नाहीत, पसाभर धान्य पदरात घेऊन जातात. आणि हा दुखवटा माझा होता!

माझं डोकंच फिरलं. तिथेच उभी राहून ओरडले, "अहो, मी जिवंत आहे! मालिका आहे ती! खोटं असतं ते सगळं!"

पोशेऱ्याच्या मावशी आईच्या अगदी लागून बसल्या होत्या. मी शाळेत होते तेव्हापासून त्या आईकडे ब्लाउज शिवायला टाकतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जशी काही मीच वेडी.

"आराडतेस कशाला? खोटा हाय ता आमाला म्हाईत नाय का? तुजेसाठी कोन आला इथं? तुजे आयसनी पोरीचे फोटूला हार बघला. घरात ती एकली. म्हनून आलू."

मी खाली बसले.

"नी त्या फोटूत आयसचा हात व्हता तुजे खांद्यावर," मावशींचं संपलं नव्हतं. "आख्खी आयस कापली नी हात तेवढा ठेवला. कोन कापतो असा?"

"अंगठी दिसत होती गं," आई म्हणाली. "मी लगेच ओळखली."

कापा म्हणून मीच लिहिलं होतं, हे मी त्या बायकांसमोर बोलले नाही. आईसमोरही नाही. लाज वाटली, दुसरं काय.

मग चहा झाला. एकीला म्हणे अकरा वर्षं माझ्या थोबाडीत द्यायची होती, तिने माझा गाल चांगला करकचून ओढला आणि सगळ्या खो-खो हसल्या. आईही हसली. जाताना आई धान्य परत द्यायला लागली तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. भाकर कर पोरीला."

बायका गेल्यावर आई मशीनवर बसली. मी शेजारी स्टूल ओढलं. "आई, तो हारबीर मनाला लावून घेऊ नकोस हं. अपशकुन वगैरे काही नसतं."

"अपशकुन कसला डोंबलाचा?" ती म्हणाली. "टीव्हीत रोज कोणी ना कोणी मरतंच."

"मग काल फोनवर अशी का बोललीस?"

तिने सुईत दोरा घालायला घेतला, दोनदा चुकला. मग हात मांडीवर ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तू मला कुठे दिसणार?"

मी घाईघाईने नव्या मालिकेचं सांगायला लागले. आजीचं काम आहे, मोठं आहे, चार महिन्यांत सुरू होईल.

"चार महिने," आई म्हणाली. इतकंच.

मी येईन, असं म्हणायला तोंड उघडलं. पण ते वाक्य मी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझ्याच जिभेवर येईना. मी तशीच मान खाली घालून बसले. आणि मग आईचा हात माझ्या डोक्यावर आला. कानामागचे केस तिने चिमटीत धरले, बाजूला केले, शिवणाचा चष्मा नाकावर ओढून जवळून बघितलं.

"हा रंग धुतला नाहीस का?"

"रंग नाही आई. पिकलेत."

"कधी?"

"झाली चार-पाच वर्षं."

तिने चिमटी सोडली नाही. "मी रोज बघत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, मेकअपवाले लावतात."

तिने मशीनचं झाकण लावलं, खुर्ची वळवून माझ्यासमोर आणली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"अजून काय काय खरं आहे तुझं," ती म्हणाली, "ते सांग एकदा."