आधी बाद कोण झालं?

तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, संपलं, आता आपल्याकडे सांगण्यासारखं काही घडायचं नाही. कसलं काय! कर्जतच्या मैदानावर सकाळी सहा ते सात माझी बॅच असते. सातला मैदान सोडते आणि घरी येऊन चहा टाकेपर्यंत एखादा किस्सा हातात असतोच. आमचे हे विचारतात, "तू व्यायाम घेतेस की तमाशा?" मी म्हणते, "दोन्ही. म्हणून तर बॅच टिकलीय!"

बॅच आहे वजनदार पोरांची. वीस ते पंचवीस वयाची. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी हे खूळ माझ्या डोक्यात घातलं. म्हणाले, "बाई, या वयात एवढं वजन असलं की नुसता दम लागत नाही, लक्ष आणि आठवण यांच्यावरही ताण येऊ शकतो. शरीर आणि डोकं दोन्ही एकदम पळवून बघा."

मेंदूबिंदूतलं मला काही कळत नाही. पण पोरं पळवायला मला कुणी शिकवायला नको! मैदानावर फक्कीनं सोळा चौकोन आखले, प्रत्येकात एकेक आकडा टाकला. मी आकडा ओरडायचा, पोरांनी त्या चौकोनात उडी मारायची आणि तोंडानं सतराचा पाढा उलटा म्हणायचा. पहिल्या दिवशी नऊजण आले. दुसऱ्या दिवशी तीन! बाकीचे महिन्याभरात एकेक करून परत आले म्हणा, पण किस्से त्या तिघांचेच.

*

पहिला राकेश. खालापूरकडच्या एका गावचा, गोडाऊनमध्ये कामाला. याला कबड्डीचा पंच व्हायचं होतं. खेळाडू नव्हे हं, पंच!

आदल्या वर्षी गावच्या सामन्यात त्याला पहिल्यांदा शिट्टी मिळाली. कबड्डीत बाद झालेली पोरं ज्या क्रमानं बाहेर जातात, त्याच क्रमानं जिवंत होऊन आत येतात. पंचानं धावता धावता तो क्रम डोक्यात ठेवायचा असतो. राकेशचा क्रम सुटला. तीन नंबरच्या जागी त्यानं सात नंबरला आत घेतलं. अर्धा तास नुसती बोंबाबोंब! शेवटी मंडळाच्या सेक्रेटरीनं सगळ्या गावासमोर त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. आणि त्याचे वडील, आबा, तिथंच उभे राहून म्हणाले, "याच्या डोक्यात नुसता भात शिजतोय!"

हे सगळं त्यानं मला मान खाली घालून सांगितलं. मग म्हणाला, "बाई, वजन नाय उतरलं तरी चालंल. पन मला शिट्टी परत पायजे."

मी म्हटलं, "मग बोलतोस काय? पळ!"

*

बॅचचा एकच कडक नियम. मैदानावर कुणी कुणाला 'जाड्या' म्हणायचं नाही. म्हटलं की दोन राउंड.

पहिले दोन राउंड मलाच मारावे लागले! तीस वर्षांची सवय हो. पोरं काठावर उभी राहून मोठ्यानं मोजत होती, आणि एकीनं तर मला पाढासुद्धा म्हणायला लावला.

*

ती मयुरी. शेलूच्या नव्या सोसायटीत राहते, घरून कॉम्प्युटरवर काम करते, दिवसभर खुर्चीत. तिला मी चालता चालता स्टेशनं म्हणायला लावायचे. कल्याणहून कर्जतकडे, एक सोडून एक, आणि दर स्टेशनाला गुडघा छातीपर्यंत वर. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर, शेलू... शेलू आलं की मयुरीबाई थांबायच्या. रोज!

एकदा मी वैतागून ओरडले, "अगं, पुढे?"

"पुढे काय बाई? मी उतरले!"

दोन-तीन महिन्यांनी तिची आई मैदानावर आली. मला वाटलं, आता ही वजन विचारणार. सगळ्या आया वजनच विचारतात. ही तर हात जोडूनच उभी! म्हणाली, "बाई, ते डोक्याचं जरा कमी करा ना. आधी हिला सकाळचं संध्याकाळी आठवायचं नाही. आता भांडणात गेल्या दिवाळीचं काढते, तेही तारखेसकट!"

मी जाम खूश. मयुरीला त्या दिवशी एक राउंड माफ केला.

*

तिसरा संकेत. त्याच्या घरची स्टेशनाबाहेर वड्यांची गाडी. सकाळी गर्दी अशी की दहाजण एकदम ओरडतात. याला दोघांच्या वरचं लक्षात राहायचं नाही. तिखट नको म्हणणाऱ्याच्या हातात हमखास मिरची!

चौकोनांचा सराव पक्का झाल्यावर एक दिवस मी मुद्दाम गाडीवर जाऊन उभी राहिले. बघते तर हा कढईमागे उड्या मारतोय. एक ऑर्डर आली की डावीकडे, दुसरी आली की उजवीकडे, तिसरीला मागे. आणि सगळं बरोबर ज्याच्या त्याच्या हातात! एक काका बॅग सावरत म्हणाले, "काय रे, नाचतोयस काय सकाळी सकाळी?"

संकेत म्हणाला, "नाय नाचलो तर तुमचा वडा त्यांना जाईल!"

*

राकेशचं मात्र गाडं अडलेलंच होतं. मी बॅचमधल्या पोरांना नंबर द्यायचे, एकेकाच्या पाठीवर थाप मारून बाद करायचे, आणि राकेशनं कडेकडेनं धावत क्रम सांगायचा. तिघांपर्यंत ठीक. चौथ्याला गाडी घसरली! बोटांवर मोजायला लागला तर मी हातावर फटका दिला. पंचाचे हात इशाऱ्याला मोकळे नकोत का?

दोनदा तो मैदान सोडून गेला. दुसऱ्यांदा गेटपाशी बसून रडला. मी जवळ गेले तर म्हणाला, "आबा बोलले ते खरंच हाय, बाई." मला इतका राग आला! त्याचा नाही, आबांचा. म्हटलं, "भात शिजायलासुद्धा वेळ लागतो. ऊठ!"

उठला. आणि हळूहळू जमायला लागलं. चारचे पाच झाले, पाचचे सात. सहा बाद, दोन जिवंत, परत तीन बाद, असं मी मुद्दाम उलटसुलट करायचे आणि हा धापा टाकत क्रम सांगायचा, अचूक! पंचांच्या परीक्षेत पास झाला तेव्हा पेढे आणले त्यानं. पण गावात कुणी शिट्टी देईना.

*

मधे एकदा ते डॉक्टर स्वतः आले बघायला. सडपातळ माणूस, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. म्हणाले, "मी पण करून बघतो." शंभरातून सात सात वजा करत उड्या मारायच्या होत्या. त्र्याण्णव, शहाऐंशी... तिसऱ्या उडीला म्हणाले, "सत्त्याहत्तर!"

राकेश गंभीरपणे पुढे झाला. "डॉक्टर, एकोणऐंशी. आनि पाय रेषेवर हाय. बाद!"

डॉक्टर हसत हसत बाहेर बसले. मी मात्र राकेशकडेच बघत होते. वर्षभरापूर्वी हा पोरगा मान वर करून बोलत नव्हता हो!

*

आता शेवटचा.

यंदा गावच्या स्पर्धेला ठरलेला पंच ऐन फायनलच्या दिवशी आजारी पडला. परीक्षा पास झालेला दुसरा माणूस होताच कुठे? समोरच्या संघानंही चालेल म्हटलं. सेक्रेटरीनं नाइलाजानं राकेशच्या हातात शिट्टी दिली आणि वर ऐकवलं, "यंदा चुकलास तर परत मैदानावर दिसू नकोस."

मी, मयुरी आणि संकेत, तिघंही गेलो होतो. एका बाजूला राकेशचंच गाव. संघाचा कॅप्टन त्याचा चुलतभाऊ. उन्हं कलली तेव्हा दोन मिनिटं उरली होती आणि गाव एका गुणानं मागं. चारजण बाद होऊन बाहेर बसलेले, त्यातच त्यांचा हुकमी चढाईवाला बंट्या. तेवढ्यात गावाला एक गुण मिळाला, बरोबरी झाली आणि एकजण जिवंत झाला. कॅप्टननं बंट्याला आत ढकललं. सगळं गाव नाचायला लागलं.

राकेशनं शिट्टी मारली.

"बंट्या नाय. पाच नंबर आत."

कॅप्टन अंगावर धावून आला. "राक्या, तुला कायतरी लक्षात ऱ्हातं का रं?" लोक ओरडायला लागले. गुण लिहिणाऱ्या माणसाच्या कागदावर खाडाखोड, त्याला काही सांगता येईना. सेक्रेटरी उठून उभा राहिला. मयुरीनं माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

राकेश शांत. हात पाठीमागे. म्हणाला, "पैला पाच नंबर बाद झाला, बोनस मारताना पकडला. मंग दोन, त्याचा पाय रेषेभाईर गेला. मंग नऊ. बंट्या शेवटी."

बंट्यानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "बराबर हाय," म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

पाच नंबर आत आला, चढाईला गेला आणि पकडला गेला. पाठोपाठ आणखी एक गुण गेला. गाव दोन गुणांनी हरलं.

माझे डोळे भरून आले होते, पण रडायलाही सवड मिळाली नाही. चार-पाचजण तणतणत आबांकडे निघाले. आबा काठावरच उभे होते, हातात पाण्याचा तांब्या. मी त्यांच्या मागेच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"आबा, तुमच्या पोरानं आज गाव हरवलं!"

"चुकला का तो?"

"चुकला नाय, पन..."

"नाय ना चुकला? मंग वाट सोडा," आबा म्हणाले. "पंचांना पानी द्यायचंय."