आधी भिंत

राळेगावच्या शेतात नव्या विहिरीचं बांधकाम चालू आहे. सकाळी ओल्या सिमेंटचा वास आला आणि बाबा पुण्याला माझ्याकडे आले होते तो दिवस आठवला. मी त्यांना हौसेने भुयारी मेट्रो स्टेशन दाखवायला नेलं. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. खाली गार वारा, चकचकीत फरशी आणि उंचच उंच भिंती. “एवढ्या खोल माती खचत नाही काय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, “आधी जमिनीत काँक्रीटची भिंत उतरवतात, मग आतली माती काढतात.” बाबा थबकले. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, आमची जुनी विहीर खोदताना दरड कोसळून गेला होता. वर दोर बाबांच्याच हातात होता. भिंतीवर तळवा टेकवून ते म्हणाले, “आमी पयले माती काढली. भित मंग बांधू म्हनलं.” मग हळूच विचारलं, “पयले भित बांधली असती, तं वाचला असता का रे तो?” मी म्हणालो, “बाबा, गाडी आली.” दारं उघडली, मिटली, गाडी निघून गेली; त्यांनी वळूनही पाहिलं नाही. आता बाबाही नाहीत, आणि त्यांना काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.