सांडव्यातले बरगे

आमच्या गावाला पाणी देणारं धरण म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. मातीचा एक बांध, आणि त्याच्या एका अंगाला दगडी सांडवा. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यातनं ओढ्यात जातं. त्या ओढ्याच्या काठाला, बांधाच्या अगदी पायथ्याशी, पहिलं घर आमचं. राधानगरीकडचा पाऊस तो, धरण भरायला काय उशीर! पण उन्हाळ्यात नळ नुसताच खोकतो आणि बायका कळशांवरनं एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरतात.

खाली नदीवर बंधारा आहे. पाऊस सरला की त्याच्या गाळ्यांत लाकडाच्या फळ्या घालायच्या, दोन रांगांत, मधे माती ठासायची आणि पाणी अडवायचं. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. आमच्या भागातल्या माणसाला ती सवयच जडली आहे, वाहतं पाणी दिसलं की याचे हात बरग्यासाठी शिवशिवतात. त्या वर्षी दसरा झाला आणि माझ्या धाकट्या दिरांच्या डोक्यात आलं, नदीला घालतो तर धरणाच्या सांडव्याला का नको? झालं! लोखंडी खांब रोवले, खाचा केल्या, तसेच दोन रांगांत बरगे बसवले, मधे माती ठासली. धरणात पाणी चढलं आणि गाव नुसतं हरखून गेलं.

मी म्हटलं, "भाऊजी, बंधारा दगडाचा हाय, त्याच्यावरनं पाणी गेलं तरी चालतंय. ह्यो मातीचा बांध हाय, वरनं पाणी गेलं की वाहून जातोय. सांडवा बुजवला तर पाणी जाणार कुठनं?"

"वहिनी, पाऊस गेला की आता! तुम्ही च्या टाका."

टाकला. पण साखर घातली नाही, मुद्दामच.

आणि गेला म्हणणाऱ्याच्या तोंडावर परतीचा पाऊस असा कोसळला, असा कोसळला की विचारू नका! घरात माझी लेक बाळंतीण, कुशीत तिची तान्ही पोर. सकाळी जरा उघडीप मिळाली तशी मी छत्री घेऊन बांधावर चढले. पाणी बांधाच्या माथ्याला भिडायला आलं होतं. आमची म्हसरं रोज बांध ओलांडून चरायला जातात, त्यांच्या पायांनी एका जागी माथा दबून खळगी झाली होती. त्या खळगीच्या काठाला पाणी चाटत होतं. आणि खळगीच्या बरोबर खाली आमचं घर.

मी अशी पळाले! छत्री कुठं गेली मला आजतागायत ठाऊक नाही. "उठ! पोरीला घे! शाळेत चल!" लेक म्हणाली, "आई, अगं तेल तरी लावून होऊ दे." "तेल घाल चुलीत!" शेजारणींनी तिला धरलं, मी नातीला दुपट्यात गुंडाळलं आणि टेकावरच्या शाळेत दोघींना बसवलं. वाटेत जो दिसेल त्याच्या नावानं ओरडत होते. माझा आवाज मुळातच मोठा, त्या दिवशी त्याचं सोनं झालं.

परत बांधावर येते तर अर्धं गाव जमलेलं, आणि दीर सांडव्याकडं टक लावून उभे. "भाऊजी, उभारलाय काय बघत? काढा की!"

"फुगल्यात वहिनी. हलंनात."

लाकूडच ते, पाणी पिऊन खाचेत घट्ट बसलं होतं. तोवर तालमीतले पैलवान आले. बायकांनी मातीची पोती भरभरून खळगीत टाकायला घेतली. इकडं वरच्या बरग्याच्या कड्यांत दोर अडकवले आणि दोन्ही काठांवर माणसं उभी राहिली. मी पदर खोचला आणि दोर धरला. एक पैलवान म्हणाला, "काकू, तुम्ही बाजूला व्हा." म्हटलं, "माझं घर हाय खाली, तूच हो बाजूला!"

"ज्योतिबाच्या नावानं…"

"चांगभलं!"

हलला नाही. पुन्हा चांगभलं! तळहाताची सालं निघाली. तिसऱ्यांदा अशी काही आरोळी उठली की बरगा करकरला, तिरका झाला आणि बुचासारखा सुटला! आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर चिखलात. पाणी जे धडाडत सुटलं, वा रे वा! पुढच्या रांगेचा बरगा निघाला, मधली माती वाहून गेली, मग एकामागून एक. मी चिखलात बसून हसत होते आणि रडतही होते. दुपारपर्यंत खळगीपाशी ओला पट्टा तेवढा उरला. ओढा आमच्या अंगणापर्यंत आला, पायरी भिजवली आणि थांबला. बांध जागेवर होता.

दिवाळीच्या तोंडावर ऊन कडक पडलं. दीर आले.

"वहिनी, बरगे दिसंनात कुठं. आता तर पाऊस खरंच गेला. घालून टाकतो परत."

मी न्हाणीपाशी नातीला पायावर घेऊन बसले होते. "चुलीत हायत," म्हटलं. "कुऱ्हाडीनं फोडले, वाळवले. रोज हिच्या आंघोळीला लागतात."

भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं. "अहो, गावाचे बरगे ते! आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यावर?"

"मग कळशी घीन डोक्यावर. नदीवरनं आणीन, तुमच्या घरची पण आणीन. पाणी आणता येतंय भाऊजी. ही गेली असती तर कुठनं आणली असती?"

नात पाय झाडत होती. भाऊजींनी तिच्याकडं बघितलं. मग चुलीपुढं उकिडवे बसले, बरग्याची एक ढलपी उचलून आत सारली आणि फुंकायला लागले.