टोपीतली नीळ

परंड्यात उत्तरेश्वर अण्णांच्या स्टुडिओत फोटो काढायला जायचं म्हणजे आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. स्टँडाकडनं किल्ल्याकडं जाताना डाव्या हाताला त्यांचं दुकान, मागच्या अंगाला घर. माणूस हाताचा सच्चा, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आणि तो राग सगळ्यात जास्त कशाचा येत असेल, तर एका वाक्याचा. मुलीचा स्थळासाठी फोटो काढायला आईबाप यायचे, मुलगी स्टुलावर बसायची, आणि बाप हळूच कानाशी लागायचा, "अण्णा, जरा उजळ येऊ द्या."

झालं! अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात. "गोरी करायची आसंल तर चुन्याच्या निवळीत बुडवा की! माझ्याकडं कशाला आणली? हितं हाय तसं येतं. पटतंय का बगा, न्हायतर वाट धरा."

मग हमखास भिंतीवरचा एक फोटो दाखवायचे. तो त्यांच्याच लग्नाचा. त्या काळच्या फोटोवाल्यानं नवरीचं, म्हणजे विठाबाईंचं, तोंड ब्रशनं रंगवून पिठासारखं पांढरंफेक केलं होतं आणि गळा तसाच सावळा सोडला होता. "बगा, बगा! तोंड एकीचं, मान दुसरीची! असलं पाप म्या करनार न्हाय." गिऱ्हाईक खो खो हसायचं. आत चहा टाकता टाकता विठाबाईंनाही ते ऐकू यायचं.

अण्णांची कामाची रीतही न्यारी. लग्नात मांडवाचं कापड गुलाबी असलं की फोटोत नवरी गुलाबी येते, नारिंगी असलं की अख्खं वऱ्हाड भाजून काढल्यासारखं दिसतं. माणसाचा डोळा सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. पांढरं म्हणजे काय ते त्याला त्या त्या उजेडात एकदा दाखवावं लागतं. त्यासाठी बाजारात पांढरी-राखाडी कार्डं मिळतात, पण अण्णांनी ती कधी घेतली नाहीत. ते डोक्यावरची पांढरी टोपी काढायचे, नवरीच्या हातात द्यायचे आणि तोंडापुढं धरायला लावायचे. मग जवळ जाऊन टोपीनं चौकट भरायची, एक फोटो घ्यायचा आणि मेनूत जाऊन कॅमेऱ्याला सांगायचं, हे पांढरं. त्यावरनं बाकीचे रंग तो आपले आपण लावून घेतो. वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडायचंच, "अण्णा, नवरीला लग्नाआधीच टोपी घालता व्हय?" अण्णा गुरकावायचे, पण गालात हसायचे. टोपी रोज धुतलेली, इस्तरीची. तिच्यावर भारी जीव.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अण्णांची लेक हर्षाली पतसंस्थेत कामाला. हुशार, तोंडाची तिखट, रंगानं आईवर गेलेली. अण्णांची थोरली बहीण शांताक्का भूमला असते. तिनं तिकडचं एक स्थळ काढलं. मुलगा चांगला, हर्षालीनं फोनवर त्याच्याशी बोलूनही घेतलं होतं आणि तिला तो आवडला होता. आता त्याच्या घरच्यांना फोटो हवा होता. शांताक्कानं फोनवर बजावलं, "आज सांजच्या आत फोटू धाड. मानसं मोठी हायती. आन् उत्तऱ्या, जरा बगून काढ रं."

"बगून म्हंजी?" अण्णा फोनवरच फुरफुरले. "माझी लेक हाय तशी जाईल!"

हर्षालीचंही तेच म्हणणं. "फोटोत एक आणि दारात एक, असं मला न्हाय चालायचं. नंतर तोंड वाकडं करण्यापरीस आत्ताच करू द्या."

दुपारी ती स्टुलावर बसली. अण्णांनी टोपी काढली. टोपी आज कशी झळाळत होती! "वा गं विठे," ते आत बघून म्हणाले, "आज झ्याक धुतलीस." विठाबाई दारातच उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. हर्षालीनं टोपी तोंडापुढं धरली, कॅमेऱ्याला पांढरं दाखवून झालं, आणि अण्णांनी फोटो काढला.

स्क्रीनवर बघितलं आणि त्यांचे डोळेच फिरले. पोर पिवळी! गाल पिवळे, दात पिवळे, मागचा राखाडी पडदासुद्धा हळदीत बुडवल्यासारखा. पुन्हा काढला. पुन्हा पिवळी. हर्षाली उठून बघायला आली आणि म्हणाली, "अण्णा, हे धाडलं तर ते आधी काविळीचं औषध पाठवतील."

"गप बस!" मग अण्णांनी जो तोंडाचा पट्टा सोडला! नव्या दिव्याला शिव्या, दिवा विकणाऱ्याला शिव्या, कॅमेऱ्याला "दळभद्री" म्हणाले, वर समोरच्या दुकानाच्या पिवळ्या पाटीलाही सोडलं नाही. माझ्या लेकीच्याच वक्ताला मेलं का हे? शेवटी टोपी उचलून ते तरातरा दारात उन्हात गेले आणि खिशातल्या कोऱ्या कागदाशेजारी ती धरली.

कागद पांढरा होता. टोपी निळी होती.

"विठे!" अख्ख्या रस्त्यानं वळून बघितलं. "टोपीत नीळ किती वतलीस?"

डोळ्याला निळीचं कापड जास्तच पांढरं वाटतं. कॅमेरा मात्र फसतो. निळ्यालाच पांढरं समजतो आणि ते निळं मारायला सगळीकडं पिवळं ओततो. हे अण्णांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर टोपीला नीळ अगदी थेंबभर, असा त्यांचा दंडक होता.

विठाबाई पुढं आल्या. "वतली. वंजळभर वतली. तुमीच म्हनता ना, टोपीच्या पांढऱ्यावरनं समदं ठरतं? म्हनलं टोपी लई पांढरी झाली तर पोर बी जरा उजळंल."

"तू बी? माझ्या घरात? आगं, साऱ्या तालुक्याला म्या बोंबलून सांगतो—"

"तालुक्याला सांगता!" विठाबाईंचा आवाज चढला, आणि तो चढलेला त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "मला बगायला आलात, तवा वन्सं काय म्हनल्या? माझ्या म्होरं? 'काळी हाय, पर राबंल.' तुमी शेजारीच बसला हुता. पोहे खात हुता. एक शब्द बोलला? न्हाय. आन् माझं ते रंगवलेलं तोंड भिंतीला टांगून जो येईल त्याला हसवता. म्या आत आसते. मला ऐकू येतं. लेकीला आसं कुनी म्हनू नये म्हनून वतली नीळ. चुकलं आसंल. पर लोकांवर वरडू नका, तवा वरडायचं हुतं!"

अण्णांना ते पोहे आठवले. शेंगदाणे घातलेले होते. अक्काचं वाक्यही आठवलं, आणि आपण ताटलीतच बघत राहिलो होतो, तेही. स्वतःचाच एवढा संताप आला की हातातली टोपी मुठीत चुरगळली.

हर्षालीनं ती त्यांच्या मुठीतनं काढून घेतली. नळाखाली घासली, पिळली, पुन्हा घासली, पाणी निवळ येईपर्यंत. दारात उन्हाला टाकली. उन्हाळ्याचं ऊन ते, टोपी वाळायला वेळ लागला नाही. मग ती स्टुलावर बसली आणि बिनइस्तरीची टोपी तोंडापुढं धरून म्हणाली, "काढा आता."

फोटो आला. सावळी, ठसठशीत, नजर थेट. हर्षालीच होती ती. अण्णांनी तो अक्काला पाठवला. लगेच फोन वाजला. हर्षालीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला.

"उत्तऱ्या, ह्यो कसला रं फोटू? जरा उजळ न्हाय का दुसरा?"

आता उडणार भडका, म्हणून हर्षालीनं अण्णांकडं बघितलं. पण फोनपाशी पुढं झाल्या त्या विठाबाई.

"न्हाय, वन्सं. दुसरा न्हाय. पोरगी काळी हाय. माझ्यासारखी. आन् ती कुनाकडं राबायला चालली न्हाय, नांदायला चालली हाय. त्या लोकांना आसंच सांगा, न्हायतर सांगूच नका."

पलीकडनं शांताक्का कडाडली, "तू कोन मला शिकवनार? उत्तऱ्या कुटं हाय? त्याला दे फोन!"

अण्णा भिंतीपाशी उभे होते. लग्नाचा फोटो खिळ्यावरनं उतरवून दोन्ही हातांत धरला होता. ते टेबलाकडं वाकले.

"हितंच हाय, अक्का," ते म्हणाले. "तवा बी शेजारीच हुतो. ती म्हनती तेच."