बोरी मावशीचा पातीचा कांदा

बोरी मावशीच्या गाळ्यावर दोन गोष्टी चालत नसत. एक, भाजी चिवडणं. आणि दुसरी, सामन्याच्या दिवशी टोमॅटो मागणं. चिवडणाऱ्याच्या हातावर ती सरळ चापट मारायची, मग तो कुणी का असेना. टोमॅटो मागणाऱ्याला ती डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळायची आणि अगदी प्रेमानं विचारायची, "या वॉर्डात नवीन दिसताय?" बाजूच्या गाळ्यांवरच्या बायका लगेच हसायला लागायच्या आणि तो बिचारा पिशवी सावरत पुढं सटकायचा.

तिचं नाव बोरबाला चोंतोश. डॅन्यूबच्या काठच्या त्या मोठ्या बाजारात, लोखंडी छपराखाली, आईचा गाळा तिच्याकडे आला होता आणि गाळ्याबरोबर आईची रीतही. सामना असला की त्या सकाळी गाळ्यावर फक्त हिरवं आणि पांढरं मांडायचं. पालक, चुका, कोबी एका बाजूला. लसूण, पांढरा कांदा, पार्सलीची मुळं दुसऱ्या बाजूला. हिरवा आणि पांढरा हे आमच्या फुटबॉल क्लबाचे, फ्रादीचे रंग. क्लबाचं खरं नाव आमच्या वॉर्डाचंच, फेरेन्त्सवारोश, पण ते पाहुण्यांसमोर घ्यायचं. घरात, दुकानात, भांडणात आणि प्रार्थनेत तो फ्रादी. आईच्या काळात, एकोणीसशे बत्तीस साली, क्लबानं लीगमधला एकही सामना न गमावता, एकही बरोबरीत न सोडता करंडक आणला, तेव्हा आईनं अख्खा दिवस चुका फुकट वाटला होता. वॉर्डभर घराघरांत रात्री चुक्याचंच सार होतं म्हणे. बोरी तेव्हा नवी नवरी होती. ही गोष्ट ती दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी चुक्याच्या जुड्या वाढत जायच्या.

मैदानावर तिची जागा ठरलेली होती. युल्लोई रस्त्याकडच्या लाकडी पायऱ्यांवर, वरच्या अंगाला, कठड्याला टेकून. तिच्या डाव्या हाताला एका माणसाएवढी जागा मोकळी असायची. ती येनोची. येनो तिचा नवरा, गोदीत पिंपं चढवणारा. लढाईत त्याला रशियात डॉन नदीवर पाठवलं, तिथून तो आला नाही आणि त्याचं काहीच आलं नाही. ना टोपी, ना चिठ्ठी. मेला म्हणावं तर कुणी पाहिलेलं नाही. पहिल्या सामन्याला ती एकटी गेली तेव्हा शेजारच्या माणसांनी न बोलता थोडं सरकून घेतलं, आणि तेव्हापासून कितीही गर्दी झाली, माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली, तरी ती जागा कुणी घेतली नाही. नवखा कुणी घुसलाच तर चार जण एकदम म्हणायचे, "इथं माणूस आहे." बोरी सामनाभर त्या बाजूला बघून बोलायची. कुणी हसायचं नाही.

एकोणपन्नास साली क्लबाला पन्नास वर्षं झाली आणि त्याच वर्षी लीगही जिंकली. वॉर्डात नुसता धुडगूस झाला. नव्या कम्युनिस्ट सरकारला तो काही रुचला नाही. इतकी माणसं एका जागी जमतात, एका सुरात ओरडतात आणि त्यात सरकारचं नाव नाही, हे कुठल्या सरकारला आवडेल? पुढच्याच वर्षी हुकूम आला. हिरवा रंग गेला, सदरे लाल-पांढरे झाले. क्लबाला आधी अन्नकामगारांच्या संघटनेचं नाव चिकटवलं, तेही जिभेवर बसेना, म्हणून मग किनिझी असं नाव ठेवलं. किनिझी हा आमचा जुना शूर सेनापती, मूळचा गिरणीवाला पोरगा. बोरीचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. "भला माणूस असेल," ती म्हणाली, "पण तो आमच्या अकरा जणांत कधी खेळलाय?"

सदरे बदलले, पाट्या बदलल्या, कुंपणाला लाल रंग लागला. बोरीचा गाळा मात्र होता तसाच राहिला. सामना असला की हिरवं आणि पांढरं. आता तर लोक मुद्दाम तिकडून वळसा घालून जायला लागले. काही विकत घेत नसत, नुसते उभे राहायचे, बघायचे आणि जायचे. त्यावर ती करवादायची, "फुकट बघायला हे काय चर्च आहे? एक गड्डी तरी उचला." पण मनातून तिला बरं वाटायचं.

एक्कावन्नच्या वसंतात बाजारखात्यानं नवा निरीक्षक पाठवला. ग्येनेश त्याचं नाव. तरुण, दाढी गुळगुळीत, अंगात चामड्याचा कोट. तोही याच वॉर्डातला. त्याचा बाप कत्तलखान्यात होता आणि मैदानावर बोरीच्या बरोबर दोन पायऱ्या खाली उभा राहायचा. त्याच्या आवाजानं पुढच्यांच्या टोप्या उडतात असं लोक म्हणत. तो वारल्यावर पोरगा सरकारात चढला होता. ग्येनेश गाळ्यासमोर थांबला, मांडणीकडे बघितलं आणि म्हणाला की कॉम्रेड बाई, हिरवं आणि पांढरं असं शेजारी शेजारी मांडणं बरोबर नाही; मध्ये काहीतरी लाल ठेवा. पुढच्या सामन्याला तसं दिसलं नाही तर गाळ्याच्या परवान्याचा विचार करावा लागेल. परवाना दर उन्हाळ्यात नवा करून घ्यावा लागे. एकेक करून खाजगी गाळे बंद होत होते आणि तिथं सरकारी दुकानं लागत होती, त्यामुळे ही नुसती धमकी नाही हे आजूबाजूच्या सगळ्यांना कळलं.

शेजारच्या गाळ्यावर ओर्शी लोणची विकायची. तिनं बोरीचा हात धरून विनवलं की ठेव दोन लाल मुळे, तुझं काय जातंय? हा गाळा गेला तर खाशील काय? येनो काही वरून पाव टाकणार नाही. बोरीनं हात सोडवून घेतला. पण ओर्शी खोटं बोलत नव्हती, आणि ते तिलाही ठाऊक होतं. गाळ्याशिवाय तिच्याकडे काहीच नव्हतं. ना मूलबाळ, ना शेतीवाडी.

पुढच्या सामन्याच्या सकाळी बोरीनं हुकूम पाळला. उतरत्या फळ्यांवर तिनं सगळ्यात वर लाल मुळे लावले, त्याखाली लसूण आणि पांढरा कांदा, आणि सगळ्यात खाली पालक. लाल, पांढरा, हिरवा. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं गपकन टोपी काढली. तो देशाचा झेंडा होता, अगदी जुना, नव्या सरकारनं मधोमध घातलेल्या चिन्हाशिवायचा. बघता बघता गाळ्याभोवती गर्दी झाली. ग्येनेश आला आणि जागीच थिजला. हलवा म्हणावं तर देशाचा झेंडा हलवायला सांगितल्यासारखं होतं, आणि ठेवा म्हणावं तर चिन्ह कुठाय म्हणून वरून विचारणा होणार. बोरीनं ऍप्रनला हात पुसले आणि साळसूदपणे विचारलं, "तुम्हीच लाल म्हणालात ना, साहेब?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा बाजार हसला. ग्येनेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं तिथल्या तिथं नवा हुकूम काढला: यापुढं सामन्याच्या दिवशी या गाळ्यावर रंगीबेरंगी मांडणी नको. एकच भाजी विकायची. एक म्हणजे एक.

"बरं," बोरी म्हणाली. तिनं ते इतक्या गरीबपणे म्हटलं की ओर्शीला धडकीच भरली.

त्यानंतरच्या सामन्याला गाळ्यावर एकच भाजी होती. पातीचा कांदा. खालपासून वरपर्यंत, कोवळा, धुतलेला, जुड्या बांधून उभा केलेला. वर हिरवीगार पात, खाली पांढराशुभ्र कांदा. ग्येनेश आला तेव्हा तिनं एक जुडी हातात घेऊन सुरी पुढं केली आणि विचारलं, "मधून कापून देऊ का? हिरवं एकीकडे, पांढरं एकीकडे?" पण या वेळी तिला त्याच्या डोळ्यांत राग दिसला नाही. त्याचे डोळे जुडीवरच खिळले होते. त्याच्या बापाला पावाबरोबर हाच कांदा लागायचा, हे बोरीच्या लक्षात होतं. ती मात्र तेव्हा जिंकण्याच्या धुंदीत होती आणि तिनं त्याची कीव केली नाही.

गाळा दुपारपर्यंत रिकामा झाला. एरवी भाजी कुठून आणतात ते ठाऊक नसलेले पुरुषसुद्धा एकेक जुडी घेऊन गेले, कुणी कोटाच्या खिशात, कुणी टोपीखाली. मैदानावर लाल सदरे घालून आपली पोरं बाहेर आली तेव्हा पायऱ्या गप्प होत्या. मग एकानं कांदा वर केला. मग दुसऱ्यानं. बघता बघता तो सगळा कोपरा हिरवा-पांढरा झाला. पहारेकऱ्यांनी झेंडे जप्त करायचे, हातातला कांदा कसा जप्त करणार? एक जण तर त्यांच्यासमोर तो मिठाला लावून कचाकचा खायला लागला. बोरीनं एक जुडी येनोच्या जागेवर कठड्याला टेकवून ठेवली. त्या दिवशी फ्रादी हरला, पण घरी जाताना कुणाचंच तोंड उतरलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात परवान्याची वेळ आली. ग्येनेश या वेळी एकटाच आला, बाजार उठल्यावर, आणि बरोबर एक मोठा कागद घेऊन आला. लाल-पांढरा, वर किनिझीचं नाव. हा गाळ्यावर चिकटवायचा, वर्षभर राहू द्यायचा, बस. परवाना त्याच्या खिशात तयार होता, सही करून. त्यानं आजूबाजूला बघून आवाज उतरवला.

"मावशी, मी पण त्याच पायऱ्यांवर वाढलोय. कागदच आहे. मनात काय ठेवायचं ते ठेवा, कोण बघायला येतंय?"

"तुझ्या बापानं मनात काही ठेवलेलं मला आठवत नाही," बोरी म्हणाली. "जे होतं ते त्याच्या घशात होतं."

"बाबा आज असते तर त्यांनीही लावला असता."

बोरीनं फळीवर हात ठेवला. तो गाळा तिच्या आईचा होता. थंडीत बोटं फुटेपर्यंत दोघींनी तिथं बीट सोलले होते. तिला रडू यायला लागलं होतं आणि त्या माणसासमोर रडायचं नाही एवढंच तिनं मनाशी धरलं.

"येनो परत आला," ती म्हणाली, "तर मला शोधत आधी इथं येईल. या कागदाखाली उभी राहून मी त्याला तोंड दाखवू? गाळा घे तू. कागद माझ्या हातानं लागणार नाही."

गाळा गेला. तिथं डब्यातल्या वाटाण्याचं सरकारी दुकान लागलं. वाटाणेही धड हिरवे नव्हते, असं बोरी सगळ्यांना सांगायची. ओर्शीनं तिला बाजाराच्या तळघरात लोणच्याच्या कामावर लावून घेतलं. तिथं ती पाचेक वर्षं खाऱ्या पाण्यात हात घालून कोबी आणि काकड्या पिंपांत दाबत राहिली. सांधे सुजले, बोटं पांढरी पडली. पण वसंत आला की खेड्यातून कुणीतरी तिच्यासाठी पातीचा कांदा आणायचं, आणि सामन्याच्या दिवशी ती टोपली घेऊन मैदानाच्या फाटकाशी बसायची. तिथून तिला दोनदा उठवलं. दोन्ही वेळा ती कोपऱ्यावरून वळली आणि दुसऱ्या फाटकाशी जाऊन बसली.

मग छप्पन्नचा शरद आला. त्याबद्दल आमच्याकडे अजूनही दार लावून बोलतात. लोक सरकारविरुद्ध उठले, रस्त्यात रशियाचे रणगाडे फिरले, आमच्या वॉर्डातल्या भिंती चाळणीसारख्या झाल्या, ओर्शीचा भाचा त्यात गेला. सरकारनं सगळं पुन्हा मुठीत घेतलं. एवढ्या सगळ्यात परत आलं ते एवढंच: क्लबाचं नाव आणि हिरवा रंग. ते मात्र मग कुणी काढून घेतलं नाही.

सत्तावन्नच्या वसंतात बोरी पायऱ्यांवर आपल्या जागी उभी होती. गर्दी अशी की श्वास घ्यायला पाळी लावावी. तिच्या डाव्या हाताला एका माणसाएवढी जागा मोकळी. खालून एक जण माणसं सारत वर आला, जुना कोट, दाढी वाढलेली. ग्येनेश. बाजारखात्यातून त्याला केव्हाच काढलं होतं, सरकारनं आणि वॉर्डानं, दोन्ही बाजूंनी त्याला नको म्हटलं होतं. मोकळी जागा दिसली तसा तो तिथं पाय टाकणार, इतक्यात चार जण एकदम म्हणाले, "इथं माणूस आहे." त्यातल्या एकानं त्याला ओळखलं आणि त्याची कॉलर धरली.

"सोड त्याला," बोरी म्हणाली. मग ग्येनेशकडे वळली. "ही जागा तुला मिळायची नाही. कधीच नाही. तुझ्या बापाची दोन पायऱ्या खाली आहे, तिथं जा."

तो माफीचं काहीतरी पुटपुटायला लागला, तर तिनं टोपलीतली एक जुडी त्याच्या छातीवर आपटली.

"ते नको. हा घे. आणि बापासारखा ओरडून दाखव."

तो खाली उतरला. खालच्या माणसांनी आधी बोरीकडे बघितलं, मग नाइलाजानं थोडं सरकून घेतलं. बोगद्यातून आमची पोरं बाहेर आली, हिरवे-पांढरे सदरे घालून, आणि सगळं मैदान उठलं. इतक्या वर्षांनी तो रंग गवतावर बघून बोरीला पहिल्यांदा ओरडताच येईना. ती कठड्याला घट्ट धरून ऐकत राहिली. आणि त्या सगळ्या कल्लोळात, बरोबर दोन पायऱ्या खालून, एक चिरका, न वापरलेला आवाज तिला वेगळा ऐकू आला: "फ्रादी!"

बोरी डावीकडे झुकली.

"बाप याहून मोठ्यानं ओरडायचा," ती येनोला म्हणाली.