दाजी, फ्यूज आणि विटांवरचा पाइप

फोन सकाळी पावणेसातला आला. त्या वेळी ताईची आंघोळ-पूजा चाललेली असते, त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव पाहताच मी हातातला चहा तसाच ठेवून फोन उचलला. आम्ही बहीण-भाऊ मूळचे सटाण्याकडचे. एरवी ती चांगली शहरी बोलते, पण फार आनंद झाला किंवा फार घाबरली, की अहिराणीवर येते. "भाऊ, तू आठे ये," ती म्हणाली, "तुना दाजी उठी नही राह्यनात." इंदिरानगरहून नाशिकरोडला पोहोचायला मला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टर माझ्या आधी आलेले होते. झोपेतच गेले, त्रास झाला नसावा, असं त्यांनी सांगितलं... बाहेर अंगणात दोन विटांवर एक प्लास्टिकचा पाइप आडवा ठेवलेला होता, आणि त्याच्यासमोर अकरा महिन्यांचं एक तांबूस कुत्रं दाराकडे बघत उभं होतं. त्याच्या सरावाची वेळ झाली होती.

आता दीड महिना होऊन गेला. दाजींबद्दल लिही, असं ताई म्हणाली तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. मी गणिताचा मास्तर. पस्तीस वर्षं मुलांना पास-नापास केलं. माणसांबद्दल लिहिणं मला जमत नाही. शिवाय दाजींशी माझं शेवटपर्यंत भांडण होतं, तेही एका कुत्र्यावरून, हे लिहायची लाजही वाटत होती. पण दाजींना मी ओळखलं ते त्या कुत्र्यामुळेच, म्हणून तेच लिहितो.

दाजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. त्यांचं काम मोठं मजेदार. अवजड यंत्रांचे भाग उचलायला तिथे क्रेन असते आणि ती चालवणारा माणूस उंचावर केबिनमध्ये बसतो. त्याला खालचं नीट दिसत नाही, आणि त्या धडधडाटात ऐकू तर काहीच येत नाही. खाली उभं राहून त्याला हातांनी सांगायचं, वर घे, खाली सोड, डावीकडे, थांब, हे दाजींचं काम. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांचे हात घरीही स्वस्थ नसत. ताईला चहा मागतानाही ते दोन बोटं हवेत फिरवत. मी चेष्टा करायचो, "दाजी, चहाच हवाय ना? का किटलीसकट ताईला उचलायचंय?" ते हसून म्हणत, "मेहुणे, तुम्ही फळ्यावर लिहून मागता का?" मेहुण्या-मेहुण्यांची ही थट्टा आमच्यात चाळीस वर्षं चालली. माणूस मोठा उत्साही. एका जागी दहा मिनिटं बसले, तर ताई कपाळाला हात लावून ताप बघायची.

निवृत्तीनंतर हा उत्साह कुठे घालवायचा हा प्रश्नच होता, आणि त्याचं उत्तर देवळाली कॅम्पातून आलं. तिथल्या एका फौजी कुटुंबाची बदली झाली, चार महिन्यांचं पिल्लू सोबत नेता येईना, आणि दाजी ते स्कूटरवर पुढे बसवून घेऊन आले. पाच मिनिटांत त्यानं पायपुसणं फाडलं, तुळशीची कुंडी कलंडवली आणि माझ्या नव्या चपलेचा अंगठा खाल्ला. "हा लवकर उडतो," दाजी कौतुकानं म्हणाले, आणि त्याचं नाव फ्यूज ठेवलं. ताई म्हणाली, "एकाला आवरता आवरता माझे केस पिकले. आता दुसरा."

ताईची तेव्हा खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन थोडेच महिने झाले होते. न्हाणीघरात पडली होती. वॉकर धरून ती खोलीतून ओट्यावर यायची आणि खुर्चीत बसायची, एवढंच तिचं फिरणं. एक दिवस मी तिथे असताना ती ओट्यावर आली, तिला पाहून फ्यूज अंगणातून सुसाट धावत आला आणि वॉकरवर आदळला. ताईनं दाराची चौकट धरली म्हणून वाचली. मी खूप चिडलो. पुण्याहून तिचा मुलगा नीलेश फोनवर म्हणाला, "मामा, बाबा माझं ऐकणार नाहीत, तुम्हीच सांगा." मी सांगितलं, आणि मास्तरासारखंच सांगितलं. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुदत. त्या दिवशी ताई खोलीतून ओट्यावर येईल आणि कुत्रा जागचा हलता कामा नये. हलला, तर मी त्याला गाडीत घालून सटाण्याला चुलतभावाकडे कांद्याच्या चाळीवर राखणीला सोडून येईन. निकाल मी देणार. दाजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "लय कडक परीक्षा हाय. पण देऊ आम्ही."

त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं, की अशा अवखळ कुत्र्यांना अडथळ्यांचे खेळ शिकवतात. उडी मारायची, फळीवरून चालायचं, बोगद्यातून जायचं. दुसऱ्याच दिवशी अंगणाचा कारखाना झाला. एक निळं पिंप दोन्ही बाजूंनी कापून आडवं टाकलं, तो बोगदा. जुन्या पलंगाची फळी जमिनीवर ठेवली. पाइप मात्र उत्साहाच्या भरात कमरेएवढा उंच बांधला. लस द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि दाजींना चांगलंच फैलावर घेतलं. पिल्लाची हाडं अजून वाढताहेत, वर्षभर तरी उंच उड्या बंद, पाइप विटेवर ठेवा आणि त्याला नुसतं ओलांडायला शिकवा. दाजींनी कान पकडले. पाइप विटांवर आला, आणि दाजींच्या सदऱ्याच्या खिशात बक्षिसाचे उकडलेल्या अंड्याचे तुकडे आले. ते खिसे धुताना ताई काय काय बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिले दोन महिने नुसता गोंधळ होता. आपल्याकडे कुत्र्याशी मराठीत बोलायचं नाही असा काय नियम आहे कोण जाणे, पण दाजी त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे. "कम, कम! स्टॉप! नो, नो!" ओट्यावरून ताई अहिराणीत ओरडायची. मी गेलो, की शुद्ध मराठीत दटावायचो. आम्ही जितके ओरडू तितका तो चेकाळायचा. पाइप पाडायचा, पिंपातून निघून फळी तोंडात धरायचा, आणि दाजींना प्रदक्षिणा घालायचा. तिघं मोठी माणसं आपल्यासाठी एवढा आरडाओरडा करताहेत म्हणजे खेळ रंगात आलाय, असं त्याला वाटत असणार. मी मनातल्या मनात त्याला नापास करून टाकलं होतं. सटाण्याला तसं कळवूनही ठेवलं होतं. हे दाजींना मी कधीच सांगितलं नाही.

मग शेजारच्या प्लॉटवर बोअर घ्यायचं यंत्र आलं. दोन दिवस असा काही आवाज, की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. दाजी सकाळी अंगणात उभे राहिले, सवयीनं ओरडले, आणि स्वतःचाच आवाज ऐकू येईना तेव्हा गप्प झाले. फ्यूज पाइपाकडे धावत निघाला होता. दाजींनी हात वर केला आणि मूठ घट्ट मिटली. क्रेनवाल्याला 'थांब' म्हणायची ती खूण, हात आपोआप गेला. आणि फ्यूज थांबला. कोणी ओरडत नाही, समोर फक्त एक मूठ आहे, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो मान तिरकी करून बघत राहिला. दाजींनी त्याला अंडं दिलं, आणि तिथल्या तिथे गोल फिरून आले. "मेहुणे," त्या संध्याकाळी फोनवर ते सांगत होते, "आपणच वेडे. पळणं त्याला येतंच. थांबणं शिकवायचं, आणि ते ओरडून कसं येईल? मला स्वतःलाच ते आता कळतंय." मी म्हणालो, "पाडव्याला बघू." एवढंच म्हणालो. त्या माणसाच्या आवाजात केवढा आनंद होता, आणि मी तो तसाच खाली पडू दिला, याचं मला आता फार वाईट वाटतं.

त्यानंतर त्या अंगणात कोणी बोललं नाही. हात आडवा केला की त्या बाजूला जायचं, बोटं फिरवली की पाइप ओलांडायचा, तळवा खाली केला की फळीवरून सावकाश चालायचं, मूठ मिटली की थांबायचं. आधी एक श्वासभर, मग दोन, मग दहा. दाजीही त्याच्याबरोबर तेवढेच स्तब्ध उभे राहत. ताई म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं. पण ताईसाठी तो थांबेल का, हे कोणालाच माहीत नव्हतं. दाजी ते शेवटच्या पंधरवड्यात शिकवणार होते. पाडव्याच्या तीन आठवडे आधी ते गेले.

तेराव्यानंतर नीलेशनं सगळं ठरवलं. त्याचं काही चुकत होतं असं नाही. आई एकटी, हातात वॉकर, घरात दांडगं कुत्रं. आईनं पुण्याला यायचं, घर बंद करायचं, कुत्र्याचं मामांनी बघायचं. ताई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. नीलेश आईची खोली लावायला पुण्याला पुढे गेला आणि त्या रविवारी मी मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून गाडी घेऊन गेलो. फाटक उघडलं. फ्यूज तेरा दिवस मलूल पडून होता, पण गाडी पाहिल्यावर कुठून अंगात आलं कोण जाणे, अंगणात गरगर धावायला लागला. तेवढ्यात आवाज ऐकून ताई ओट्यावर आली. तो वळला आणि सरळ तिच्याकडे सुटला, अगदी त्या दिवशीसारखा. मी ओरडलो. थांब, स्टॉप, जे तोंडाला येईल ते. काही उपयोग नव्हता.

ताईनं एक हात वॉकरवरून काढला, वर केला आणि मूठ मिटली.

तो तिच्यापासून दोन हातांवर थांबला. शेपटीपासून नाकापर्यंत थरथरत होता, पण पाय हलले नाहीत. मी धावत जाऊन फाटक लावलं आणि परत आलो, तरी तो तसाच. ताईनं हात खाली घेतला, तरी तसाच. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी म्हणालो, "चल." म्हणालो, "जा." इंग्रजीतही म्हणून पाहिलं. स्वयंपाकघरातून बिस्किट आणून नाकासमोर धरलं. त्यानं डोळे वळवले, तोंड नाही. थांब कसं म्हणायचं ते ताई रोज बघून शिकली होती. थांबलेल्याला मोकळं कसं करायचं, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ते दाजी घेऊन गेले होते.

"अरे, किती वेळ उभा राहशील?" ताईचा आवाज फुटला. "ते नाही येणार आता. हात जोडते तुला, जा बाबा..." आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकवून तिनं खरोखरच दोन्ही हात जोडले.

फ्यूज सुटला. पाइप ओलांडला, फळीवरून गेला, पिंपातून बाहेर आला आणि परत येऊन ताईच्या पायाशी बसला. ताई रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "सराव संपला की ते रोज हात जोडायचे. मला वाटायचं, सूर्याला जोडताहेत." मग तिला आठवलं, की वीज केंद्रातही दाजींची हीच रीत होती, काम संपलं की वरच्या केबिनमधल्या माणसाला खालून हात जोडायचे आणि मगच त्याला मोकळं करायचे. कुत्र्यालाही त्यांनी तोच मान दिला होता. मी वाकून वॉकर तिच्याजवळ सरकवला. ती म्हणाली, "भाऊ, आते याले कोठे लई जाऊ नको. हाऊ आठेच राही. मी बी आठेच राहसू." मी गाडीतली चादर काढून घडी केली, आणि सटाण्याला फोन करून सांगितलं की चाळीसाठी दुसरा राखणदार बघा.

नीलेशला पटायला चार दिवस लागले. स्वतः येऊन त्यानं आईला खोलीतून ओट्यावर येताना तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा फ्यूज जागचा हलला नाही, तेव्हा त्यानं पुण्याचा विषय सोडला. आता एक बाई दिवसभर ताईजवळ असते, आणि सकाळचा सराव मी घेतो. रोज इंदिरानगरहून जातो. ताई खुर्चीत बसून चुका काढते. माझं कोपर वाकतं, मूठ सैल पडते, गणिताच्या मास्तराला सरळ रेषा येत नाही म्हणजे काय, वगैरे. तीन आठवडे फ्यूजनं मला मोजलंसुद्धा नाही. पाइप पाडायचा आणि ताईकडे बघायचा. मीच परीक्षा देत होतो, आणि रोज नापास होत होतो.

काल सकाळी तो पाइपाकडे धावत निघाला, मी मूठ मिटली, आणि तो थांबला. माझ्या हातावर थांबला. ताई ओट्यावरून म्हणाली, "भाऊ, हात जोड आता, किती वेळ उभा ठेवशील त्याला?" पण मला आधी डोळे पुसायचे होते, आणि त्यासाठी दोन्ही हात लागले. तेवढा वेळ फ्यूज थांबला.