आम्ही की आपण

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. पण जर्मनीतल्या फुटबॉल वर्ल्डकपच्या पुढच्या वर्षी, स्टुटगार्टच्या बाल्कन्यांवरचे झेंडे केव्हाच उतरले होते तेव्हा, ते महिनाभर तापलेलंच होतं. कारण गणपती. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहे मिळून आमचं मराठी मंडळ एकच, आणि गणपती दरवर्षी स्टुटगार्टला. आता कार्ल्सरूहेवाले म्हणायला लागले, यंदा आमच्याकडे. मी मंडळाची सेक्रेटरी. सगळ्यांना मेल ठोकून दिली : 'आम्ही इतकी वर्षं राबलो, तेव्हा तुम्ही कुठे होतात?'

त्या 'तुम्ही'त ताईही आली, हे मेल गेल्यावर लक्षात आलं. ताई कार्ल्सरूहेची. सख्खी नव्हे, पण माझ्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही तेव्हा ही पंधरा दिवस आमच्या दीड खोलीत राहिली, अळिवाची खीर करून घातली, मी रडले तर रडू दिलं. त्या मेलनंतर तिचे फोन येणं बंद झालं. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात, हातात फोन घेऊन नुसती येरझारा घालत होते. करायचा धीर होत नव्हता, ठेवून द्यावासाही वाटत नव्हता.

जेवणाच्या टेबलावर लेकीने नकाशा पसरला होता. तेरा वर्षांची. तिला वर्गापुढे रेफेराट, म्हणजे छोटं भाषण, द्यायचं होतं, अमेरिकेच्या सुरुवातीच्या दिवसांवर. मी मराठीत विचारत होते, ती जर्मनमध्ये सांगत होती. एक देश म्हणून सगळे छाती फुगवून होते, आणि आतून उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर डोळा ठेवून. मिसूरी हे नवं राज्य गुलामगिरीसकट देशात येणार म्हटल्यावर भांडण पेटलं. मग तोल सांभाळायला मेन या राज्याला गुलामगिरीविना आत घेतलं आणि पश्चिमेच्या मोकळ्या मुलखावर एक आडवी रेघ मारली, वर गुलामगिरी नाही, खाली चालेल.

"मग मिटलं?" मी विचारलं. माझ्याही मनात तेच होतं, गणपती इकडे, दिवाळी तिकडे.

"नाइन," तिने नकारार्थी मान हलवली. "चाळीस वर्षांनी युद्ध."

"अगदी आमच्या मंडळासारखं गं."

तिने मान वर केली. "ममा, तिथे माणसं विकत होते. तुम्ही हॉलवरून भांडताय." हे मात्र मराठीत. मला लाज वाटली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

मग म्हणाली, अमेरिकेच्या राज्यघटनेचा पहिला शब्दच 'वी' आहे, जर्मनमध्ये 'वीर', मराठीत काय म्हणायचं, आम्ही? तिचं हे जुनंच दुखणं. जर्मनला एक 'वीर' पुरतो, म्हणून ही सगळीकडे 'आम्ही' लावते. 'आम्ही जेवायचं का?' म्हणते आणि आम्ही हसतो. मी शंभराव्यांदा समजावलं, ज्याच्याशी बोलतेस तोही त्यात असला तर 'आपण', तो बाहेर असला तर 'आम्ही'.

"आल्झो, मग समोर गुलाम उभा असेल तर?"

"तर आम्ही," मी म्हणाले. तिने वहीत लिहून घेतलं. मला माझी मेल आठवली आणि बसवेना.

बाल्कनीत जाऊन ताईला फोन लावला. तिने उचलला. मी घाईघाईने म्हणाले, "ताई, चुकलं माझं. आपण यंदा कार्ल्सरूहेलाच बसवू या."

ती शांतपणे म्हणाली, "अगं, आम्ही वेगळं मंडळ काढलं. हॉलही घेतलाय. दर्शनाला या हं तुम्ही."

तेरा वर्षं ती मला 'ये' म्हणत आली होती. हे 'या' आमच्या अख्ख्या घराला होतं की स्टुटगार्टवाल्यांना, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. "येऊ हं," म्हटलं आणि आत आले.

लेकीने सगळं ऐकलं होतं. नकाशाची गुंडाळी करत तिने विचारलं, "ममा, ताईमावशीकडे गणपतीला आम्ही जायचं का?"

मी तिची चूक सुधारली नाही.